सुगराच्या शोकेसमधली पुस्तकं

सुगराकडे एकशे अकरा पुस्तकं होती आणि सगळी स्वयंपाकाची. मी मोजली होती. तिला मोजायची गरज कधी पडली नाही, मला पडली.

ती पुस्तकं ज्या काचेच्या शोकेसमध्ये आहेत, ते शोकेस मी त्र्याऐंशी सालापासून ओळखते. सुगराचे यजमान अलीभाई कुवेतहून पहिल्या सुटीवर आले आणि त्यांनी पनवेलच्या सुताराकडून ते करून घेतलं. आत बारा माणसांचा डिनर सेट, सोनेरी काठांचा. त्यात कधी कोणी जेवलं नाही. आम्ही तेव्हा त्यांच्या समोरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. माझे यजमान महादेवराव एसटीत कंट्रोलर, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. आमच्याकडे स्टीलची ताटं होती, त्यावर नावं कोरलेली. खिडकीतून ते सोनेरी काठ चमकताना दिसायचे आणि मी पोळ्या जास्त जोरात लाटायचे. मग सुगराकडे मिक्सर आला, मग चहाचा मोठा फ्लास्क, मग हिरव्या फुलांची गादीसारखी जाड ब्लँकेटं. मला तिच्या वस्तूंचा हेवा वाटतो ही आजची गोष्ट नाही. चाळीस वर्षांत हेव्यालाही बसायची जागा ठरून जाते. माझी जागा तिच्या सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात, शोकेससमोर.

पण मिक्सर आपणही पुढेमागे घेतो. पुस्तकांचं तसं झालं नाही.

अलीभाई गेले त्या वर्षी सुगराचं स्वयंपाकघर सुटलं. हात थरथरू लागले. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, साखर त्याआधीच बंद होती. सून आणि मुलगा अझहर कामावरून येताना फोनवरच जेवण मागवू लागले. जी बाई एका वेळी चाळीस माणसांचा पुलाव एकटी उतरवायची, ती दिवाणखान्यात तसबीची माळ घेऊन बसून राहायची. तिची नात रिदा दुबईत नोकरीला आहे. तिने सुटीवर येताना दादीसाठी एक इंग्रजी पुस्तक आणलं. नुसतं वांग्याचं. जाड, निळ्या कापडी बांधणीचं, आत खुणेसाठी रेशमी फीत. पहिलंच पान उघडलं तर कोळशावर भाजलेलं वांगं, त्याची साल सुटलेली, वर डाळिंबाचे दाणे. सुगराने त्या चित्रावर बोट फिरवलं आणि मग ते बोट ओठाला लावलं. मी बघितलं ते.

"अल्ला, शशी," ती म्हणाली, "या वयात वांग्यावर जीव जडेल असं वाटलं नव्हतं."

त्यानंतर रिदा दर खेपेला पुस्तकं आणायची. तिच्या मैत्रिणी आणायच्या, अझहर ऑनलाइन मागवायचा. नुसत्या भाकऱ्यांचं पुस्तक, नुसत्या लोणच्यांचं, समुद्रकाठच्या कुठल्याकुठल्या गावांचं. डिनर सेट खोक्यात भरून माळ्यावर गेला.

माझी सून भाविका म्हणाली, "आई, पण ही पुस्तकं घेतं कोण आता? सगळं फोनवर फुकट आहे. व्हिडिओसकट."

मी हे सुगराला सांगितलं. तशी मला चहाड्या करायची सवय आहे. सुगरा म्हणाली, "फोनवरचं बघता बघता वर सरकतं बाई. मी चष्मा पुसेपर्यंत दुसराच माणूस दुसरंच काहीतरी तळायला लागतो. हे पान मी उद्या उघडलं तरी इथेच असतं. वांगं पण तेच, डाळिंब पण तेच."

तिचं बरोबर होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मला जन्मभर पुस्तकांची आवड. आणि माझ्याकडे स्वयंपाकाचं पुस्तक एकच, लग्नात मिळालेलं, चित्र एकही नसलेलं, पिवळं पडून कडा भुरभुर गळणारं. बाकी शाळेच्या जुन्या हजेरीपटात चिकटवलेली वर्तमानपत्रातली कात्रणं. सुगरा शिकली उर्दू शाळेत सातवीपर्यंत. इंग्रजी तिला अक्षरं लावून लावून वाचावं लागतं. आणि एकशे अकरा पुस्तकं तिच्याकडे.

ती पुस्तकं वाचायचे मी. रोज दुपारी तीन ते पाच. ती पान निवडायची, चित्र बघायची, आणि म्हणायची, "वाच ना शशीबाई." मी इंग्रजीतून मराठीत सांगत जायचे. मालकी तिची, घसा माझा.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे. त्यासाठी आधी माझ्या सासूबाईंबद्दल सांगायला हवं.

कमळाबाई, माझ्या सासूबाई, नेरे गावच्या. आसपासच्या गावांत लग्नघरी वालाचं बिरडं करायला त्यांनाच बोलावणं असायचं. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला चुलीपुढे बसवून पहिली गोष्ट ही सांगितली, "कुनी इचारला तर सगला सांगाचा. पन येक जिन्नस पदरान ठेवाचा. नायतर उद्या आपल्याला कोन बोलवनार हाय?" मी शिकलेली, मास्तरीण. पण ही रीत मी जिवापाड पाळली. शाळेतल्या बाईंना, नणंदेला, भाविकाच्या आईला, सगळ्यांना बिरड्याची कृती सांगितली आणि प्रत्येक वेळी एक गोष्ट गाळली. लोक करून बघायचे आणि म्हणायचे, "तुमच्या हाताची सर नाही." मी लाजल्यासारखं करायचे.

सुगरालाही मी बिरडं असंच सांगितलं. आणि तिने मला सांदणं शिकवली. तांदळाचा रवा, नारळाचं दूध, आंबवण, सगळं बसून दाखवलं. तिची सांदणं वाफेतून निघाली की कापसासारखी. माझी चप्पट, दगडासारखी. मी मनात म्हटलं, ठेवलाच हिनेही एक जिन्नस पदरात. त्याचा राग नव्हता. मी माझं लपवलं, तिने तिचं. फिट्टंफाट.

तर त्या पुस्तकांतून वाचून दाखवताना, कधीपासून ते आठवत नाही, मी एक जिन्नस गाळू लागले. सुरुवातीला सवयीनेच. जिभेला वळणच तसं पडलेलं. लोणच्यातली मोहरी, भाकरीतलं तेल. नंतर जाणूनबुजून. ती एवढी सुंदर पुस्तकं तिची होती, पण पुरी कृती फक्त मला ठाऊक असायची. पाच वाजता घरी परतताना मला त्या एका जिन्नसाचं फार सुख व्हायचं. आणि नुकसान कोणाचं होत होतं? सुगरा काही करायची नाही. ती डोळ्यांनी जेवायची.

यंदा जानेवारीत रिदाचं लग्न उरणच्या हमझाशी ठरलं. मुलाची आई आणि बहीण जास्मीन चहाला येणार होत्या. सुगरा म्हणाली, "मेहमानांसमोर हॉटेलचा केक नको. मी करते. माझ्या हाताने."

"तुझे हात थरथरतात."

"फेटायला सून आहे. करणार मी."

आणि तिने पुस्तक काढलं. संत्र्याचा रव्याचा केक, पाकात भिजवलेला, प्रत्येक वडीवर एकेक बदाम. चित्रात तो उन्हात ठेवलेला होता आणि पाक कडेने ओघळत होता. ते पुस्तक मला सगळ्यात जास्त आवडायचं. पांढरं कापडी कव्हर, त्यावर एकच संत्रं.

त्याच सकाळी मी एक गोष्ट बघितली होती. भाविकाने आदल्या दिवशी सुगराच्या शोकेसचे फोटो काढले होते आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला लावले होते. खाली लिहिलं होतं, "सुगराआंटींचा खजिना. माझ्या फूड गुरू." हरेशने, माझ्या मुलाने, त्यावर तीन लाल बदामांची चित्रं पाठवली होती. पंचवीस वर्षं ही मुलगी माझ्या हातचं बिरडं खाते. बिरड्याचा एक फोटो तिने कधी काढला नाही.

मी पुस्तक मांडीवर घेतलं आणि वाचू लागले. रवा, साखर, लोणी, दही, संत्र्याचा रस, किसलेली साल. सुगरा मान हलवत होती, सून फोनमध्ये टिपून घेत होती.

सुगराने विचारलं, "सोडा नाही?"

सोडा होता. पानाच्या मध्यावर, ठळक, एक चमचा. मी म्हटलं, "नाही. दही आहे ना यात. दह्याने फुगतं."

"असं?"

"इथे लिहिलंय तसं सांगते."

तिने पुन्हा विचारलं नाही. माझ्या वाचण्यावर तिने कधी शंका घेतली नव्हती.

मेहमान आले तेव्हा मीही होते. केक सोनेरी दिसत होता, वर बदाम, बाजूला बशीत पाक. जास्मीनने वडी उचलली तर चमचा आत जाईना. तिने बशी मांडीवर ठेवून जोर लावला आणि बदाम उडून गालिच्यावर पडला. हमझाची आई सुगराला खाला, म्हणजे मावशी, म्हणत होती; हसू दाबत म्हणाली, "रवा आहे ना खाला, जरा घट्टच होतो. आमच्याकडे पण होतो."

सुगरा म्हणाली, "किताबेत होतं तसंच केलं."

"किताबेवरून? तुम्ही? तुमच्या हातच्या दावती उरणपर्यंत ऐकलेल्या आम्ही." त्या बाई चांगलं म्हणूनच बोलल्या. पण सुगराचा चेहरा मला बाजूने दिसत होता. कानाच्या पाळीपर्यंत ती लाल झाली होती.

मला आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू? एक घोट चहा प्यायला लागतो तेवढा वेळ झाला. मग मी दुसरी वडी मागून घेतली आणि चावत बसले. ती गिळता गिळेना.

मेहमान गेल्यावर सुगरा शोकेससमोर उभी राहिली. म्हणाली, "या किताबा बघायलाच चांगल्या. आतून खोट्या. मी म्हातारी, चित्रांना भुलले."

"एका केकवरून काय ठरवतेस?"

"एकच तर केला. तोही जमला नाही." तिने शोकेसचं दार लावून घेतलं. "लग्नासाठी घराला रंग काढायचाय, हे शोकेस हलवावंच लागणार. तू घेऊन जा सगळ्या. तुला आवडतात, मला काय दिसत नाही? वाचताना पान उलटायच्या आधी तू ते कुरवाळतेस."

जमीन पायाखालून सरकली की वर आली तेच मला कळेना. मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "सगळ्या?"

"सगळ्या. मला या घरात नको."

दुसऱ्या दिवशी अझहरने रिक्षातून पहिली खेप आणली. तांदळाच्या गोणीत भरलेली पस्तीस पुस्तकं. भाविका म्हणाली, "अय्या! आई, आपल्याला?" आणि तिने लगेच फोन काढला. मी म्हटलं, "फोटो नको काढू." ती चमकली.

दुपारी सगळे कामावर गेल्यावर मी ती पुस्तकं पलंगावर मांडली. कव्हरावरून हात फिरवला. नवी पुस्तकं वास देतात तसा वास होता आणि त्यात सुगराच्या घरच्या अत्तराचाही. वांग्याचं पुस्तक उघडलं. त्या भाजलेल्या वांग्यावर तिच्या बोटाचा डाग पडला होता, रोज फिरवून फिरवून कागद तिथे गुळगुळीत झाला होता. त्या पानावर मी तिला एकदा लसूण सांगायचा गाळला होता. लोणच्यांच्या पुस्तकात मोहरी. पान उघडलं की गाळलेलं दिसायचं. इतकी वर्षं मनात धरलेली पुस्तकं घरात आली आणि माझ्याच्याने एक पान सरळ वाचवेना. तीन वाजले. माझे पाय आपोआप चपलांकडे गेले आणि मग मला आठवलं, जायचं कशाला? वाचायचं काय?

दोन दिवस तसे काढले. तिसऱ्या दिवशी भाविकाच्या ओव्हनमध्ये मी तो केक केला. संत्र्याचं पुस्तक समोर ठेवून, जसंच्या तसं. सोड्यासकट. तो एवढा फुगला की भांड्याच्या वर आला. भाविका म्हणाली, "वा, आई! व्हिडिओ बघून केलात?" पाक ओतला, बदाम लावले, डबा फडक्यात बांधला आणि सुगराकडे गेले.

दिवाणखान्यात शोकेसचे वरचे दोन कप्पे रिकामे होते. सुगरा तसबी घेऊन बसली होती. मी डबा उघडून तिच्यासमोर ठेवला. साखर तिला चालत नाही, तरी तिने तुकडा तोडला. चावला. माझ्याकडे बघितलं.

"कुठून आणलास?"

"घरी केला."

"कसा?"

"पुस्तकात आहे तसा."

ती चावायची थांबली. "पुस्तकात आहे तसा तर मी पण केला."

मी म्हटलं, "पुस्तकात सोडा आहे, सुगरा."

तिने तुकडा बशीत ठेवला. चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत घातला. मी चाळीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं, पण खरं बोलून झाल्यावर हात कुठे ठेवायचे ते मला कळेना.

"फक्त या किताबेत?"

"नाही."

"किती?"

"जवळजवळ सगळ्यांत. एकेक जिन्नस."

"तौबा, शशी." मग आवाज चढला. "हमझाच्या आईसमोर! माझ्या रिदाच्या सासरच्यांसमोर! तुझं माझं काय असेल ते दोघींत ठेवायचंस. मी तुला सगळ्या किताबा दिल्या आणि तू घेतल्यास. घेताना पण बोलली नाहीस. दोन दिवस ठेवून घेतल्यास!"

"तीन," मी म्हटलं.

"गप बस."

आतून सून डोकावली आणि परत गेली. सुगराने पुन्हा तो तुकडा उचलला आणि रागारागाने संपवला.

"उद्या अझहर रिक्षा घेऊन येईल. एक पण ठेवू नकोस. मला माहीत आहेत किती आहेत."

"पस्तीस."

"मला माहीत नव्हतं. आता कळलं." ती हसली नाही. "आणि बिरड्यात काय घालतेस ते सांग. आत्ता. माझ्यासमोर बसून."

सासूबाई डोळ्यांसमोर आल्या. मी म्हटलं, "सोललेल्या वालांपैकी मूठभर कच्चेच ठेवायचे. खोबऱ्याबरोबर बारीक वाटायचे. तेच वाटण लावायचं. रस्सा त्यानेच मिळून येतो."

"एवढंच?"

"एवढंच."

"चाळीस वर्षं एवढ्याशासाठी पदर आवळून बसलीस?"

मला ते लागलं. मी म्हटलं, "तूही सांग मग. सांदणांत काय लपवलंस?"

"काय लपवलं?"

"माझी चप्पट होतात. तू काहीतरी ठेवलंसच. आता सांगून टाक, मीही सांगितलंय."

सुगरा माझ्याकडे बघत राहिली. तिला माझी कीव येतेय हे माझ्या लक्षात आलं, तेव्हाच उत्तरही आलं. "मी सगळं सांगितलं होतं, शशी. तेव्हाच. तुला जमलं नाही, बस्स."

"खोटं."

"रविवारी ये. माझ्या किचनमध्ये कर."

रविवारी गेले. तिच्याच रव्याची, तिच्याच भांड्यात, तिच्या डोळ्यांसमोर केली. ती स्टुलावर बसून बघत होती, एकदाही मध्ये बोलली नाही. शेजारच्या वाट्यांत तिने थरथरत्या हाताने स्वतःची ओतली, निम्मं पीठ ओट्यावर सांडलं. झाकण काढलं तर तिची फुललेली आणि माझी चप्पट. तिने माझ्या सांदणांतलं एक उचलून ओट्यावर आपटलं. आवाज आला.

"बघ," ती म्हणाली.

चाळीस वर्षं मी समजत होते की आम्ही दोघी सारख्याच.

पुस्तकं परत गेली. रंगकाम झालं, शोकेस पुन्हा भरलं. अकरा दिवस तिने मला बोलावलं नाही. उरणला तिने नवीन केक पाठवला. सोबत फोन करून निरोप काय दिला, ते मला लग्नात कळलं. मांडवात हमझाच्या आईने माझा हात धरला, अगदी मायेने, आणि विचारलं, "शशीबाई, आता नजर कशी आहे? खाला सांगत होत्या, वाचताना ओळी सुटतात म्हणून. ऑपरेशन करून घ्या." मागे सुगरा हिरव्या रेशमात बसली होती आणि पानाचा विडा चावत दुसरीकडे बघत होती. त्या लग्नात असं मला चौघींनी विचारलं. मी चौघींनाही म्हटलं, "आता बरी आहे."

बाराव्या दिवसापासून दुपारचं वाचन सुरू झालं आहे. फरक एवढाच की लग्नानंतर दुबईला परत जाताना रिदाने दादीच्या फोनमध्ये काहीतरी घालून दिलंय. पानावर फोन धरला की इंग्रजीचं उर्दू होतं. सुगराला ते नीट धरता येत नाही, हात हलतो, अक्षरं पळतात. तरी ती फोन सोफ्याच्या दांड्यावर उताणा ठेवते आणि म्हणते, "हं, वाच. हा ऐकतोय."

मी वाचते. मीठ वाचते, मिरपूड वाचते, 'आवडत असल्यास' हेही वाचते. कधी जीभ अडखळली की सुगराचा हात फोनकडे जातो आणि मी पटकन जिन्नस सांगून टाकते.

काल दुबईहून नवीन पुस्तक आलं. नुसत्या भाताचं. हिरवी कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, पानांच्या कडाही सोनेरी, त्या डिनर सेटच्या काठांसारख्या. मी वाचताना पान उलटायच्या आधी एकदा हात फिरवला. सुगराने बघितलं आणि पुस्तक हळूच आपल्या मांडीवर ओढून घेतलं.

पाच वाजता उठले. दाराशी चपला घालताना शोकेसकडे वळून बघितलं आणि मोजली. एकशे बारा.